४६ एकर, सात कसणारे: खंडाचे करार नव्याने करताना काय काय धरावे?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. सातारा जिल्ह्यात कराडच्या खालच्या अंगाला चार भावंडांच्या चार स्वतंत्र खात्यांवर मिळून ४६ एकर जमीन आहे. चौघेही गावात राहत नाहीत, एक बहीण परदेशात असते. जमिनीचा कारभार मुखत्यारपत्रावर माझ्याकडे आहे.

१४ एकर बागायत आहे. एक विहीर आणि उपसा सिंचन संस्थेचे पाणी. तिथे तिघे कसतात, ऊसच असतो, आणि खंड रोख ठोक ठरलेला आहे. उरलेली ३२ एकर जिरायत, तिथे चौघे. खरिपात सोयाबीन, ओल राहिली तर हरभरा. हे चौघे अर्धलीने करतात: बी-खत निम्मे-निम्मे, माल निम्मा-निम्मा. सगळे तोंडी आहे, कागद एकही नाही.

मालकांचे म्हणणे असे: अर्धल बंद करून सगळीकडे रोख खंड करा, लिहून घ्या आणि दर वाढवा. करार ११ महिन्यांचा करा, म्हणजे कुळाची भानगड नको, असेही त्यांना कोणीतरी सांगितले आहे. शिवाय बाहेरगावचा एक जण बागायतीतली ५ एकर आल्यासाठी मागतो आहे आणि सध्याच्या खंडाच्या दुपटीने पैसे द्यायला तयार आहे.

मला विचारायचे ते असे. कागद कोणता आणि किती मुदतीचा? दर कशावरून काढावा? सातही जणांशी बोलणी कशी करावी, कारण सगळी माणसे जुनी आहेत, तोडायची नाहीत. आणि विहिरीची मोटार, पाण्याची पाळी, पीकविमा यांचे करारात काय लिहावे?

---

फेरफार यांचे उत्तर

आधी कायद्याचे बोलू, कारण ११ महिन्यांचा जो सल्ला मालकांना मिळाला आहे तो चुकीच्या कायद्यातला आहे. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा किंवा वर्षागणिक चालणारा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, हे १९०८ च्या नोंदणी कायद्याचे कलम १७. अकरा महिने लिहिले की नोंदणी टळते. टळते ती एवढीच. कूळ ठरणे न ठरणे नोंदणीवर किंवा महिन्यांवर अवलंबून नाही.

सातारा जुन्या मुंबई इलाख्यातला, म्हणून तुम्हाला १९४८ चा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लागतो. (मराठवाड्याला १९५० चा हैदराबाद कायदा, विदर्भाला १९५८ चा. कलमांचे आकडे तिथे वेगळे आहेत, इथले वाचून तिकडे लावू नयेत.) कलम ४ सांगते की दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जातो. त्यातून सुटतात ते मालकाच्या कुटुंबातले, जमीन गहाण घेऊन ताब्यात असलेले, आणि रोख किंवा धान्याच्या मजुरीवरचे गडी. पण गड्याची मजुरी पिकाच्या वाट्यात असेल तर तो गडी धरला जात नाही. म्हणजे तुमची अर्धल ही मालकांना सुरक्षित वाटत असली तरी कायद्याच्या नजरेने सगळ्यात उघडी बाजू तीच आहे.

दुसरी गोष्ट तुमच्याशी थेट संबंधित. मालक 'स्वतः कसतो' असे म्हणायचे तर कलम २(६) प्रमाणे देखरेख मालकाची किंवा त्याच्या कुटुंबातल्या माणसाची हवी. मुखत्याराची देखरेख त्यात बसत नाही. तुम्ही रोज बांधावर उभे राहिलात तरी कागदोपत्री मालक कसत नाही. चौघांपैकी कोणी विधवा, अज्ञान, दिव्यांग किंवा सैन्यात नोकरीला असेल तर त्या खात्याचा विचार वेगळा होतो. त्यांच्या बाबतीत दुसऱ्याकडून कसून घेतले तरी ते स्वतः कसणे धरतात. हे आजच विचारून घ्या, खाती स्वतंत्र आहेत म्हणून याचा उपयोग आहे.

आता धोका नेमका कुठे आहे. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्यानंतर निर्माण झालेल्या कुळवहिवाटीत कलम ३२-ओ प्रमाणे कुळाला वहिवाट सुरू झाल्यापासून एक वर्षाच्या आत जमीन विकत घेण्याचा हक्क बजावता येतो, त्यासाठी मालकाला आणि शेतजमीन न्यायाधिकरणाला तसे कळवावे लागते. 'मी हा हक्क सोडतो' असे वाक्य करारात घातल्याने कायद्याने दिलेला हक्क जात नाही. कूळ जमीन सोडत असेल तर तेही लेखी आणि तहसीलदारासमोर पडताळलेले लागते. खंडाची मर्यादासुद्धा कलम ८ मध्ये आहे: आकारणीच्या (सरकारी शेतसाऱ्याच्या) ५ पट किंवा एकरी २० रुपये, यांत जे कमी असेल ते. बाजारात चालणारा खंड याच्या कितीतरी पट आहे हे सगळ्यांना माहीत असते. तरी वाद तहसीलदारापुढे गेला की हेच कलम समोर येते. आणि कूळ आहे की नाही हे ठरवायचा अधिकार तहसीलदाराचा, दिवाणी न्यायालयाचा नाही (कलमे ७० आणि ८५).

म्हणून खाते-खाते वेगळे ठेवून असे करा.

उसाच्या १४ एकरांसाठी कलम ४३-अ बघा. ऊस, फळे किंवा फुले यांच्या लागवडीसाठी दिलेल्या पट्ट्यांना खंडाची मर्यादा आणि खरेदीहक्काची ३२ ची कलमे लागत नाहीत. पण मग करारात गट नंबर, क्षेत्र आणि 'ऊस लागवडीसाठी' हे स्पष्ट लिहिलेले हवे आणि शेतात खरोखर ऊसच हवा. दोन वर्षे सोयाबीन घेऊन तिसऱ्या वर्षी या कलमाचा आधार मागाल तर तो टिकवणे कठीण. आणि या पट्ट्यातून कूळपणच नाहीसे होते असे समजू नका, सूट ठरावीक कलमांपुरती आहे.

जिरायतीच्या ३२ एकरांना ही सूट नाही. तिथे दोनच सरळ वाटा आहेत. एक तर मालकांपैकी कोणीतरी खरोखर लक्ष घालावे, आणि सध्याच्या वाटेकऱ्यांना रोख मजुरीवर ठेवून, बी-खत स्वतः आणून कसावे. नाही तर नोंदणीकृत पट्टा करावा आणि खरेदीहक्क कायद्यात आहे हे मालकांनी जाणून सही करावी. 'लिव्ह अँड लायसन्स' असे वर छापून आत ताबा, पेरणी, माल सगळे दुसऱ्याचे असेल तर मथळ्याने काही बदलत नाही, व्यवहार काय आहे तेच बघितले जाते.

करार करण्यापूर्वी सगळ्या गटांचे सातबारे काढून 'कुळ, खंड व इतर अधिकार' हा रकाना वाचा आणि त्यात उल्लेख असलेले जुने फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) मिळवा. तिथे कोणाच्या आजोबांचे नाव कूळ म्हणून असेल तर नवा पट्टा करू नका, तो विषय आधी निकाली काढावा लागेल. भोगवटादार वर्ग-२ (हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल, किंवा जमीन कुळकायद्यात खरेदी झालेली आणि कलम ४३ चा शेरा असेल, तर पट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागू शकते, ते आधी विचारून घ्या. आणि समोरच्याचा ८-अ (त्याच्या खात्यावरच्या जमिनीचा उतारा) मागा. कलम ६३ ची अट विक्रीबरोबर पट्ट्यालाही आहे, घेणारा शेतकरी असावा लागतो. आल्यासाठी आलेल्या बाहेरगावच्या माणसाला हे सगळ्यात आधी विचारा.

शेवटचे म्हणजे कमाल धारणा. बारमाही पाण्याच्या, दोन पिकांच्या जमिनीला १८ एकर, जिरायतीला ५४ एकर ही मर्यादा आहे, आणि मालक म्हणून किंवा कूळ म्हणून, दोन्ही ताबे त्यात मोजतात. स्वतःची बागायत भरपूर असलेल्या माणसाला आणखी पट्ट्याने देताना हे बघावे.

---

गटवार यांचे उत्तर

कायद्याचे वर आले आहे, मी दर आणि बोलणी यांवर लिहितो.

'सगळीकडे दर वाढवा' असे सरसकट करता येत नाही. खंड गटाला असतो, मालकाला नसतो. एकाच बांधाच्या दोन बाजूंना एकरी चार हजारांचा फरक असू शकतो, कारण एकीकडे दोन हात काळी माती आणि दुसरीकडे वीतभर मातीखाली मुरूम. म्हणून आधी प्रत्येक गटाचा एक कागद करा. प्रत्यक्ष वहिवाटीचे क्षेत्र (सातबाऱ्यावरून पोटखराबा म्हणजे न पिकणारा भाग वजा करून, आणि शक्य तर मोजून), मातीची खोली तीन-चार ठिकाणी खणून, उतार, पाणी साचते का, पावसाळ्यात ट्रॅक्टर जातो का, विहिरीपासून अंतर, मागच्या दोन वर्षांची पिके. हा कागद त्या गटात, कसणाऱ्याला बरोबर घेऊन, त्याच्या देखत भरायचा. पैशाचे बोलणे त्या दिवशी काढायचे नाही.

मग हिशेब. जिरायत सोयाबीनचा एक नमुना मांडतो, आकडे तुमच्या गावचे घाला. उतारा एकरी ८ क्विंटल, भाव ४,३०० धरला तर ३४,४००. खर्च: नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी ४,५००, २८ किलो बियाणे प्रक्रियेसह २,८००, खत ३,०००, तणनाशक आणि फवारण्या ३,२००, खुरपणी २,५००, काढणी-मळणी ५,५००. एकूण २१,५००. उरले १२,९००. हरभरा साधला तर त्यातून खर्च जाता ६,००० धरा. म्हणजे चांगल्या वर्षी एकरी १८,९०० शिल्लक, आणि यातच कसणाऱ्याची स्वतःची मेहनत आली.

आता वाईट वर्ष. उतारा ४ क्विंटल, माल १७,२००, मळणी थोडी कमी होऊन खर्च २०,०००, हरभरा नाही. शिल्लक उणे २,८००. चार वर्षांत असे एक वर्ष येते असे धरून दोन दर लावून बघा. खंड १५,००० ठेवला तर तीन चांगल्या वर्षांत मिळून ११,७०० राहतात आणि एका वाईट वर्षात १७,८०० जातात. चार वर्षांत तो ६,१०० रुपयांनी खाली. खंड ८,००० ठेवला तर चार वर्षांत २१,९०० हातात, म्हणजे एकरी वर्षाला साधारण साडेपाच हजार. या जमिनीला ८,००० झेपतात, १५,००० झेपत नाहीत. कबूल कोणीतरी करेल. पण तो शेणखत घालणार नाही, बांध फुटला तर बघणार नाही आणि दुसरा हप्ता थकवेल. मालकांना हा तक्ता दाखवा. दूर राहणाऱ्या माणसाला शेजारच्या गावातला सगळ्यात मोठा आकडा तेवढा ऐकू येतो.

अर्धल मोडून रोख खंड करताना अर्ध्या वाट्याएवढाच आकडा मागू नका. अर्धलीत मालक निम्मे बी-खत देतो आणि वाईट वर्षाचा निम्मा मार खातो. रोखीत दोन्ही कसणाऱ्यावर गेले, तेव्हा आकडा त्याहून कमीच असायला हवा. मधला मार्ग म्हणजे भावाशी बांधलेला खंड. मूळ खंड ८,०००. नोव्हेंबरमधला बाजार समितीचा सर्वसाधारण भाव ४,५०० च्या वर गेला तर प्रत्येक १०० रुपयांना एकरी २०० जास्त, ४,००० च्या खाली गेला तर त्याच हिशेबाने कमी. ८ क्विंटलवर १०० रुपये म्हणजे ८०० होतात, त्यातला चौथा हिस्सा मालकाचा. कोणत्या बाजार समितीचा आणि कोणत्या तारखांमधला भाव, हे करारात लिहा, आणि घ्यायचे ते पैशातच घ्या, धान्यात नको.

उसाच्या गटात मुदत पिकावरून येते. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, तोडणी १६ ते १८ महिन्यांनी, त्यानंतर खोडवा (तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) ११-१२ महिने. एक लागण आणि एक खोडवा म्हणजे जवळजवळ ३० महिने, आणि तोड लांबली तर आणखी दोन-तीन. म्हणून पाडव्यापासून पाडव्यापर्यंत पूर्ण तीन वर्षे धरा. अकरा महिन्यांच्या कागदात ऊस बसतच नाही, मुदत संपते तेव्हा पीक कमरेएवढे उभे असते. दुसरा खोडवा ठेवायचा की नाही हे आधीच लिहा, आणि शेवटी खोडकी काढून रान मोकळे करून द्यायचे ते कोणी, तेही.

बोलणी पाडव्याच्या दीड-दोन महिने आधी सुरू करा. नंतर कसणाऱ्याची नांगरट झालेली असते आणि मग दराची बोलणी धमकीसारखी वाटतात. प्रत्येकाशी वेगळे बसा, पण प्रतवारी आणि दराचा तक्ता सातही जणांना सारखाच दाखवा. गावात लपत काहीच नाही. एकाला गुपचूप दोन हजार कमी केले तर पुढच्या आठवड्यात बाकीचे सहा तोच आकडा धरून बसतील. कमी करायचे असेल तर गटाच्या कागदावर कारण हवे: खडक वर आला आहे, वाट नाही, पाणी शेवटी पोचते. लिलाव करू नका. लिलावात जिंकणारा बहुतेक वेळा एकाच पिकाचा हिशेब करून आलेला असतो. जुन्या माणसाला आकडा सांगून आठ दिवस द्या, तो नाही म्हणाला तरच दुसऱ्याशी बोला.

हप्ते पिकाप्रमाणे. जिरायतीला निम्मा खंड पाडव्याला आणि निम्मा १५ डिसेंबरपर्यंत, सोयाबीन तोवर विकलेले असते. सगळा खंड आगाऊ मागितला की तो खासगी व्याजाने आणतो आणि ते व्याज शेवटी खतातून वाचवतो. पैसे बँकेतून घ्या, प्रत्येक हप्त्याची पावती द्या. पावती म्हणजे कूळपणाचा पुरावा म्हणून काही मालक ती टाळतात, पण वाद झाला तर साक्षीपुरावा आणि पीक पाहणी असतेच, आणि पावती नसली तर थकबाकी कोणती हेही सांगता येत नाही.

मालकांकडून तुम्हीही लेखी घ्या: गटवार किमान दर, वर्षाची दुरुस्तीची रक्कम, आणि किती सूट तुमच्या अधिकारात. नाही तर तुम्ही हात मिळवून येता आणि तिकडून फोन येतो. आणि मोबदला फक्त मालकांकडून. कसणाऱ्याकडून 'जमवून दिल्याचे' काही घेतले की तुमच्या दराच्या तक्त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

---

खंडकरी यांचे उत्तर

कसणाऱ्याची बाजू मांडतो, कारण करार टिकायचा तर त्याने तो मनापासून मान्य केलेला हवा.

कागद नसल्याचा तोटा आज सगळा त्याला होतो. पीएम-किसानचे पैसे जमीनधारक कुटुंबाला, ते ठीक आहे, त्यावर वाद नको. पण पीकविमा योजनेत भाडेपट्ट्याने करणाराही बसतो, त्याला नोंदणीकृत करार जोडावा लागतो. किसान क्रेडिट कार्डाच्या योजनेत खंडकरी आणि वाटेकरी आहेत, पण बँक कागद मागते. अतिवृष्टीचा पंचनामा झाला की मदत खातेदाराच्या खात्यात जमा होते, आणि बियाणे-खत ज्याचे वाहून गेले तो बघत राहतो. तेव्हा हे कलम घालाच: पिकाच्या नुकसानीची मदत मालकाच्या खात्यात आली तर १५ दिवसांत कसणाऱ्याला द्यायची. जमीन खरवडून गेल्याची मदत मात्र मालकाची, कारण ती दुरुस्ती त्याने करायची आहे.

ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवर आहे आणि खातेदाराच्या नावाने भरली जाते. शेतात उभे राहून फोटो काढायचा असतो, परगावच्या मालकाला ते जमत नाही. कोण भरणार आणि कोणत्या तारखेच्या आत, हे लिहा. पाहणीत एक पीक आणि विम्यात दुसरे झाले तर दावा अडतो.

शेणखताबद्दल. एकरी पाच ट्रॉल्या घातल्या तर त्याचा गुण दोन-तीन हंगाम राहतो. पुढच्या पाडव्याला जमीन जाणार असेल तर कोण घालेल? भरपाईचा तक्ता ठेवा: शेणखत घातल्यानंतर एक वर्षाने जमीन परत घेतली तर खर्चाचा दोन तृतीयांश, दोन वर्षांनी एक तृतीयांश, तीन वर्षांनी काही नाही. ट्रॉल्या मोजताना तुम्ही हजर राहा आणि चिठ्ठी करा. ठिबक, पाइपलाइन, नवीन ताल यांनाही हेच, फक्त वर्षे जास्त. याने मालकाचे नुकसान होत नाही, उलट जिरायत रान सुधारण्याचा हाच एक स्वस्त रस्ता आहे.

आणि एक विनंती. करार मराठीत करा आणि सहीच्या दोन दिवस आधी प्रत द्या, म्हणजे तो घरी वाचून घेईल. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत घाईने अंगठा घेतलेल्या कागदावर कोणाचा जीव बसत नाही.

---

कृष्णाकाठ

मनापासून आभार, गटवार कागदाचे काम लगेच सुरू करतो. दोन गोष्टी राहिल्या. आल्याच्या मागणीचे काय करावे, दुप्पट आकड्याने मालक मोहात आहेत. आणि एका विहिरीवर तिघे आहेत, मोटार १० एचपीची. दरवर्षी एकदा तरी जळते आणि दरवर्षी त्यावरून भांडण.

---

पाट-पाणी यांचे उत्तर

आल्यासाठी बाहेरचा माणूस दुप्पट देतो याचे कारण रोगात आहे. कंदकूज झालेल्या रानात लगेच पुन्हा आले घेता येत नाही, रोगाचे बीज मातीत राहते. म्हणून आले करणारे दरवेळी ताजे रान शोधतात. तुमचे १४ एकरांचे रान आल्यासाठी अजून ताजे असेल तर त्याला तेच हवे आहे, आणि तो गेल्यावर कंदकूज तुमच्याकडे राहू शकते. शिवाय भाव पडला तर आले जमिनीत तसेच ठेवतात आणि १८ महिन्यांपर्यंत काढत नाहीत. करारात एक वर्ष आणि रानात दीड वर्ष असे होते. कलम ४३-अ मध्ये ऊस, फळे, फुले आहेत, आले नाही, तेव्हा वर सांगितलेली सूटही या पट्ट्याला धरून चालता येणार नाही.

तरी द्यायचेच असेल तर ५ नाही, २ एकर द्या, निचऱ्याचे रान बघून. अटी: काढणीची शेवटची तारीख, ती उलटली तर महिन्याप्रमाणे ठरलेली वाढीव रक्कम, बेणेप्रक्रिया त्याच्या खर्चाने, गादीवाफे मोडून, ठिबकच्या नळ्या आणि मल्चिंगचा कागद पूर्ण उचलून रान सपाट करून देणे, आणि त्यापोटी अनामत. आधी आणि नंतर माती तपासणी. एका गटातून १५-२० ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा घेऊन कडेची माती, सगळी मिसळून चार भाग करत अर्धा किलोवर आणायची. सामू (आम्ल-विम्लता), विद्युत वाहकता (क्षारांचे माप) आणि सेंद्रिय कर्ब एवढे तरी बघा. उसाच्या गटांनाही हे लावा. कृष्णाकाठी जास्त पाण्याने क्षारपड झालेली राने थोडी नाहीत, आणि तीन वर्षांनी क्षार वाढले की नाही याचा सुरुवातीचा आकडा हाताशी नसेल तर बोलायला आधार राहत नाही.

मोटारीचे. दरवर्षी जळते म्हणजे नशीब नाही, कारण ठरलेले असते. पहिले, एक फेज गेल्यावर मोटार दोन फेजवर चालत राहते आणि वाइंडिंग तापून जाते. अशा वेळी मोटार आपोआप बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवलेला असतो पण कोणीतरी वायर जोडून तो बाद केलेला असतो, कारण तो सारखा मोटार बंद पाडतो आणि पाळी जाते. दुसरे, एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जाते आणि मोटार कोरडी चालते. तिसरे, कमी दाब. स्टार्टरची पेटी उघडून बघा, ओव्हरलोड रिलेचा आकडा मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरपेक्षा वर फिरवलेला असेल तर कारण तिथेच सापडले.

करारात असे लिहा. नवीन मोटार, पंप, केबल, स्टार्टर आणि विहिरीचे काम मालकाचे. बेअरिंग, रिवाइंडिंग आणि पाइपांची किरकोळ दुरुस्ती तिघांत क्षेत्राप्रमाणे. प्रिव्हेंटर बाद केलेला किंवा रिले फिरवलेला आढळला तर त्या दिवशी ज्याची पाळी होती त्याने पूर्ण खर्च द्यायचा. पेटीला कुलूप, तीन किल्ल्या आणि आत एक वही: तारीख, चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, नाव. वही नसेल तर वरचे कलम लावताच येणार नाही.

वीजबिलाचे आधीच स्पष्ट करा. एप्रिल २०२४ पासूनची मोफत वीज ७.५ एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना आहे, तुमची १० एचपी त्यात येत नाही, बिल येणार. विहिरीचा उपसा आणि एकूण उंची मोजून ७.५ मध्ये काम होते का ते जाणकाराकडून बघून घ्या. पुष्कळ विहिरींवर झऱ्यापेक्षा मोटार मोठी असते आणि कोरडी चालण्याचे मूळ तेच असते. बदल करायचा तर जोडभाराची नोंद वीज कंपनीकडे बदलून घ्यावी लागेल.

पाळी तासांवर, आणि तास क्षेत्राला पिकाच्या वजनाने गुणून. उसाला २, हंगामी पिकाला १. समजा तिघांकडे ६, ५ आणि ३ एकर सगळा ऊस असेल तर प्रमाण ६:५:३ तसेच राहते. पण पाच एकरवाल्याने दोन एकर मोकळे करून हरभरा केला तर त्याचे १० भाग ८ होतात, आणि मिळून १२:८:६. वीज दिवसा-रात्री आलटून येते, म्हणून पाळीची सुरुवात दर आठवड्याला पुढच्या माणसाकडे सरकवा, नाही तर एकाच्याच वाट्याला कायम रात्र येते. उपसा संस्थेची पाणीपट्टी ज्याच्या पिकाची त्याने भरायची, पण थकबाकी मालकाच्या नावावर चढते. म्हणून पावती पाहिल्याशिवाय दुसरा हप्ता पूर्ण झाला असे धरू नका.

---

फेरफार यांचे उत्तर

एक राहून गेले, मुखत्यारपत्राचे. तुमच्या कागदात 'जमीन पट्ट्याने देणे, खंड घेणे, पावती देणे, करारावर सही करून तो नोंदवणे' हे शब्द आहेत का ते बघा. 'देखभाल व व्यवस्था' एवढेच असेल तर दुय्यम निबंधक अडवेल. परदेशातल्या बहिणीचे मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करा. चार खात्यांचे चार मालक आहेत, म्हणून एकच मोठा करार न करता प्रत्येक खात्याचा प्रत्येक कसणाऱ्याशी वेगळा पट्टा करा. कोणी दोन खात्यांतली जमीन करत असेल तर त्याचे दोन पट्टे. एका खात्यावर वाद आला तर बाकीचे तीन त्यात ओढले जात नाहीत.

करारासोबत गटाचा नकाशा, 'गटवार' यांनी सांगितलेला कागद, माती तपासणीचा अहवाल आणि मोटार-पाइपलाइनची यादी परिशिष्ट म्हणून जोडा आणि त्यांच्याही प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या. झाडांची संख्याही लिहा, बांधावरचे आंबे, साग आणि बाभळी जातीनिहाय मोजून. फळ कोणाचे, फांदी कोणाची आणि तोड परवानगी कोण काढणार, यावर तीन वर्षांत एकदा तरी प्रश्न येतोच.